लग्न जमलं, नाव काढलं, आता जुन्या भेटींचं काय? फॉरेन की सोप्या भाषेत

समग्र आयडीचं (मध्य प्रदेश सरकार प्रत्येक परिवाराला आणि माणसाला देतं त्या ओळख नंबराचं) ई-केवायसी करायला एमपी ऑनलाइनच्या दुकानात उभं राहिलेल्या कुठल्याही इंदूरकराला विचारा, तो सांगेल की समग्रमधे दोन नंबर असतात, एक ८ आकड्यांचा परिवाराचा आणि एक ९ आकड्यांचा त्या माणसाचा स्वतःचा, आणि फॉर्मवर यातला कुठला मागितलाय हे दरवेळी दुकानवाल्यालाच विचारावं लागतं. घरात चार माणसं असतील तर सदस्य नंबर चार, पण परिवाराचा नंबर एकच. मुलीचं लग्न झालं की तिला माहेरच्या परिवारातून काढून सासरच्या परिवारात जोडायचं, आणि ते राहून गेलं असेल तर नेमकं लाडली बहना योजनेच्या नाहीतर रेशनच्या वेळी लक्षात येतं.

एका नोंदीचं असं दुसऱ्या नोंदीच्या नंबराला बांधलेलं असणं, हा आजचा विषय. बँक, शाळा, रेल्वेचं तिकीट, घरपोच जेवण मागवायचं ॲप, सगळं याच्यावरच चालतं. आणि यातला एक प्रश्न बहुतेक लोक (प्रोग्रामर धरून) पुढे ढकलत राहतात, तो म्हणजे ज्याच्या नंबराला बाकीच्या नोंदी बांधल्यात तोच निघून गेला तर मागे राहिलेल्यांचं काय करायचं? डेटाबेसमधे (म्हणजे कम्प्युटरमधे नोंदी नीट मांडून ठेवणाऱ्या व्यवस्थेत) फॉरेन की नावाची जी गोष्ट असते ती तुम्हाला याचं उत्तर आधीच द्यायला लावते. लोकांना ती कटकट वाटते ती त्यामुळेच, असं माझं मत आहे.

समग्रच्या आतली बांधणी राहू दे बाजूला. आपण आपलं छोटं उदाहरण घेऊ.

काकूंच्या दोन वह्या

समजा इंदूरच्या रामबागेत एका काकूंचं वधूवर सूचक मंडळ आहे. (काकू काल्पनिक आहेत, पण अशा काकू इंदूर, देवास, ग्वाल्हेर सगळीकडे सापडतील, ओळखायला जाऊ नका.) त्यांच्याकडे दोन वह्या. पहिलीत उमेदवार: नंबर, नाव, जन्मतारीख, शिक्षण, नोकरी, वडिलांचा मोबाइल, मंगळ आहे की नाही. दुसरीत भेटी, म्हणजे कोणाचा कोणाशी बघण्याचा कार्यक्रम ठरला, कधी, कुठे, पुढे काय झालं. दुसऱ्या वहीत काकू नावं लिहीत बसत नाहीत, नुसते नंबर लिहितात:

भेट ८८. मुलगी ४१२, मुलगा ३०५. रविवार, मुलीकडे. मुलाकडून अजून उत्तर नाही.

आता ही वही कम्प्युटरमधे घातली की प्रत्येक वहीला म्हणायचं टेबल. पहिल्या वहीतला नंबर, जो प्रत्येकाचा वेगळा आणि कधीच रिकामा नसतो, ती प्रायमरी की. दुसऱ्या वहीत तोच नंबर "बाकीचं तिकडे बघा" एवढ्यासाठी लिहिलेला असतो, ती फॉरेन की. आणि दुसऱ्या वहीतला प्रत्येक नंबर पहिल्या वहीत खरोखर सापडलाच पाहिजे ह्या अटीला म्हणतात रेफरेन्शियल इंटिग्रिटी. जी भेट अशा नंबराकडे बोट दाखवते जो पहिल्या वहीत नाहीच, तिला आपण बेवारस नोंद म्हणू. झालं, अवघड शब्द संपले, यापुढे फारसे येणार नाहीत.

सगळं एकाच वहीत लिहिलं तर काय बिघडतं?

सुरुवातीला काही बिघडत नाही. एक्सेलची एकच लांबलचक शीट, प्रत्येक भेटीसमोर मुलीचं नाव, मुलाचं नाव, दोन्हीकडचे मोबाइल, पत्ते. मग ४१२ च्या वडिलांनी मोबाइल नंबर बदलला. तोपर्यंत तिच्या सहा भेटी झालेल्या, म्हणजे जुना नंबर सहा ठिकाणी, त्यातल्या चार ठिकाणी बदलला जातो आणि दोन ठिकाणी राहतो, आणि पुढच्या स्थळाला नेमका राहिलेला नंबर दिला जातो. एक माहिती एकाच जागी ठेवा आणि बाकी सगळीकडून तिच्याकडे बोट दाखवा, हा विचार त्यातूनच आला.

हा विचार नीट गणितात मांडला तो एडगर कॉड यांनी. इंग्लंडमधे जन्मलेले, अमेरिकेत आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणारे गृहस्थ. १९७० मधला त्यांचा तो शोधनिबंध आजच्या सगळ्या टेबलवाल्या डेटाबेसचं मूळ आहे, आणि फॉरेन की हा शब्दही त्यात तेव्हापासून आहे. १९८१ मधे त्यांना कम्प्युटरवाल्यांचा सगळ्यात मोठा मान, ट्युरिंग पुरस्कार मिळाला. गंमत अशी की कल्पना १९७० ची, पण प्रत्यक्षात डेटाबेसने हा नियम स्वतःहून पाळून दाखवायला बरीच वर्षं घेतली. उदाहरणार्थ पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमधे फॉरेन की आली २००० साली, ७.० आवृत्तीत.

इथेच कोणीतरी विचारतं की वेगळा नंबर कशाला, वडिलांचा मोबाइलच की म्हणून वापरू. नको. एक तर तो बदलतो, आणि दुसरं म्हणजे दोन सख्ख्या बहिणींची नावं नोंदवली की दोघींना एकच मोबाइल, कारण फोन बाबाच उचलणार. म्हणून ज्याला काही अर्थ नाही असा नुसता चढता आकडा सगळ्यात बरा, त्याला बदलायचं कारणच पडत नाही.

डेटाबेस नेमकं कधी अडवतो?

नुसतं कॉलमला "उमेदवार नंबर" असं नाव देऊन फॉरेन की तयार होत नाही, डेटाबेसला स्पष्ट सांगावं लागतं की ह्या कॉलममधला आकडा त्या टेबलमधे असायलाच हवा. हा नियम एकदा लावला की तो दोन्ही बाजूंनी पहारा देतो.

भेटींच्या बाजूने: नवीन भेट टाकताना ९९९ नंबर टाकलात आणि ९९९ नंबरचा उमेदवार नाहीच, तर नोंद घेतली जात नाही, एरर येतो. जुन्या भेटीतला नंबर बदलून ९९९ केलात तरी तेच. उमेदवारांच्या बाजूने: ४१२ ला डिलीट करायला गेलात आणि तिच्या नावावर भेटी आहेत तर डेटाबेस थांबवतो. नुसती नवीन नोंद तपासायची एवढंच लोकांच्या डोक्यात असतं, पण खरी भांडणं सगळी ह्या दुसऱ्या बाजूला असतात, त्याच्याकडे येतोच.

त्याआधी दोन गोष्टी ज्या तो अडवत नाही. एक, रिकामी जागा. कधी कधी मुलगी ठरलेली असते आणि मुलाकडचं नक्की व्हायचं असतं, तेव्हा मुलाचा कॉलम रिकामा ठेवला तर फॉरेन की तक्रार करत नाही, कारण रिकामं म्हणजे कोणाकडेच बोट नाही. रिकामं चालणार नसेल तर "नॉट नल" हा वेगळा नियम लावायचा. दोन, खोटेपणा. ४१२ ऐवजी चुकून ४२१ टाकलंत आणि ४२१ नंबरची दुसरी मुलगी खरंच आहे, तर डेटाबेस खूश. इतकंच काय, "मुलगा" ह्या कॉलममधे एखाद्या मुलीचा नंबर टाकला तरी तो म्हणेल, हो, आहे ना हा नंबर उमेदवारांत. तो माणूस आहे की नाही एवढंच बघतो, बरोबर माणूस आहे का हे बघणं तुमचं काम.

लग्न जमलं, नाव काढा

आता मुख्य गोष्ट. ४१२ चं लग्न जमलं. आईबाबा पेढे घेऊन आले आणि म्हणाले, आता यादीतून नाव काढा. आणि तिच्या नावावर सहा भेटी. (आमच्याकडे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातही वरून सेव आणि बाजूला जलेबी असते, त्यामुळे सहा भेटी म्हणजे यजमानांचा बऱ्यापैकी खर्च झालेला असतो, त्या नोंदी अशाच पुसायच्या नाहीत.) फॉरेन की लावतानाच तुम्हाला सांगावं लागतं की अशा वेळी काय करायचं, आणि पर्याय मोजकेच आहेत.

काहीच सांगितलं नाही तर डेटाबेस अडवतो. आधी भेटींचं काय ते बघा, मग उमेदवार काढा, असं त्याचं म्हणणं. ह्याला रिस्ट्रिक्ट म्हणतात (काहीच न सांगितल्यावर खरं तर नो ॲक्शन नावाचा त्याचा भाऊ लागतो, तो बहुतेक वेळा तसाच वागतो). लोक ह्याच्यावर चिडतात पण ह्यात नुकसान काही होत नाही, फक्त काम थांबतं.

दुसरा कॅस्केड. उमेदवार गेला की त्याच्या सगळ्या भेटी आपोआप जातात. ऐकायला छान, एका फटक्यात साफ. पण जरा बघा काय झालं: त्या सहा भेटी म्हणजे सहा मुलांच्याही भेटी होत्या. ३०५ चे बाबा उद्या फोन करून विचारतील की आमच्या मुलासाठी तुम्ही आजवर किती स्थळं दाखवली, आणि काकूंच्या कम्प्युटरवर एक भेट कमी दिसेल. ३०५ ने काहीच केलेलं नाही, तरी त्याचा इतिहास गेला.

कॅस्केडची भीती एवढ्यावर संपत नाही, कारण ते साखळीने जातं. समजा शहरांचं एक टेबल आहे आणि उमेदवार शहराच्या नंबराला बांधलेत. कोणाच्या तरी डेटा एंट्रीमुळे त्यात "इंदूर" पण आहे आणि "इंदौर" पण आहे. एक दिवस कोणीतरी शहाणा बघतो की हे डबल झालंय आणि "इंदौर" डिलीट करतो. सगळीकडे कॅस्केड असेल तर "इंदौर"ला बांधलेले सगळे उमेदवार गेले, त्यांच्या भेटी गेल्या, भेटींना बांधलेल्या पावत्या गेल्या, आणि स्क्रीनवर मात्र "एक ओळ काढली" एवढंच. मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेसमधे तर आणखी एक मेख आहे, डिलीट झालेल्या गोष्टींची नोंद ठेवायला तुम्ही ट्रिगर (ओळ बदलली की आपोआप चालणारी आज्ञा) लावून ठेवला असेल तर कॅस्केडने गेलेल्या ओळींसाठी तो ट्रिगर चालतच नाही, म्हणजे काय काय गेलं हेही कळायला मार्ग नाही, बॅकअप असेल तर ठीक नाहीतर बसा.

तिसरा पर्याय सेट नल, म्हणजे भेट राहते पण मुलीचा कॉलम रिकामा होतो. मग वही म्हणते, ३०५ ने रविवारी कोणालातरी बघितलं. कोणाला? देव जाणे. भेटीसाठी हे निरुपयोगी आहे, पण "हे स्थळ कोणी सुचवलं" असा कॉलम असेल तर तिथे अगदी योग्य, सुचवणारा यादीतून गेला तरी उमेदवार जिथल्या तिथे राहतो. चौथा सेट डिफॉल्ट, रिकाम्याऐवजी आधी ठरवलेला एखादा नंबर टाकायचा. तो फार कमी वापरला जातो आणि मायएसक्यूएलचं इनोडीबी (त्याची डेटा साठवायची नेहमीची पद्धत) तर तो घेतच नाही.

एक किस्सा इथे सांगण्यासारखा आहे. आपल्या भेटींच्या टेबलमधे मुलगी आणि मुलगा हे दोन्ही कॉलम एकाच उमेदवार टेबलकडे बोट दाखवतात. दोन्हींवर कॅस्केड लावायला गेलात तर पोस्टग्रेस चालवून घेतो, पण मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर सरळ नाही म्हणतो, १७८५ नंबरचा एरर देतो, कारण एकाच ठिकाणाहून एकाच टेबलपर्यंत कॅस्केडच्या दोन वाटा त्याला मंजूर नाहीत. नवीन मुलं ह्या एररवर तासन्‌तास घालवतात आणि शेवटी फॉरेन कीच काढून टाकतात, म्हणजे डोकेदुखीवर उपाय म्हणून डोकंच.

मग काकूंनी काय करावं? माझं ऐकाल तर उमेदवारावर रिस्ट्रिक्ट, आणि नाव काढायचंच नाही, उमेदवारांच्या टेबलमधे "स्थिती" असा एक कॉलम घालायचा: चालू, लग्न जमलं, थांबवलंय. यादी दाखवताना फक्त चालू दाखवायचे. कॅस्केड कुठे लावायचं तर जी गोष्ट मालकाशिवाय असूच शकत नाही तिथे, उमेदवाराच्या फोटोंचं टेबल, त्याच्या अपेक्षांची यादी वगैरे. भेटीला दोन मालक आहेत, तिथे नको.

पण मग घरचे म्हणाले की नुसतं लपवू नका, आमच्या मुलीची माहिती खरोखर पुसा, तर? रास्त मागणी आहे, आणि २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात माहिती पुसून मागायचा हक्क दिलेलाही आहे. तेव्हा ओळ ठेवायची, नंबर ४१२ ठेवायचा, पण नाव, फोटो, मोबाइल, जन्मतारीख सगळं कोरं करायचं. भेटींच्या नोंदींना बोट दाखवायला ४१२ आहे, आणि ४१२ कोण हे आता कोणालाच कळत नाही. त्यासाठी नावाचा कॉलम कोरा ठेवता येईल असं आधीच करून ठेवलेलं असलं पाहिजे, हे लोक विसरतात.

"पण आमचा प्रोग्राम तपासतोच की"

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप. फॉर्ममधे ड्रॉपडाउन आहे, त्यात असलेलेच उमेदवार निवडता येतात, मग डेटाबेसने परत कशाला तपासायचं?

पहिलं उत्तर सोपं आहे, डेटा फक्त फॉर्ममधून येत नाही. देवासच्या शाखेतून एक्सेल येतं, ते कोणीतरी थेट आत ओततं. रात्री अकरा वाजता कोणीतरी हाताने क्वेरी (डेटाबेसला थेट दिलेली आज्ञा) चालवतं. दोन वर्षांनी मोबाइल ॲप बनतं आणि ते बनवणाऱ्याला जुन्या फॉर्ममधल्या तपासण्या माहीतच नसतात. प्रोग्राम बदलतात, डेटा तोच राहतो.

दुसरं उत्तर जरा सावकाश बघू, कारण इथे भलेभले फसतात. रामबागेत काकू आणि देवासला त्यांचा भाचा, दोघं एकाच वेळी काम करतायत. ४१३ नंबरची मुलगी नवीनच, अजून एकही भेट नाही. भाचा तिची भेट नोंदवायला घेतो, त्याचा प्रोग्राम विचारतो, ४१३ आहे का? आहे. त्याच क्षणी काकू ४१३ काढायला घेतात, कारण ते नाव दुसऱ्यांदा नोंदवलं गेलं होतं. त्यांचा प्रोग्राम विचारतो, ४१३ ची एखादी भेट आहे का? नाही. काकूंचं डिलीट होतं. मग भाच्याची भेट आत जाते. दोघांच्या प्रोग्रामने इमानदारीत तपासलं, दोघांना खरं उत्तर मिळालं, आणि बेवारस नोंद तयार झाली. तपासणं आणि लिहिणं ह्यांच्यामधे जी फट आहे ती बाहेरून नुसतं बघून बुजत नाही, त्यासाठी कुलूप लागतं.

फॉरेन की असेल तर भाच्याची भेट लिहितानाच डेटाबेस ४१३ च्या ओळीला कुलूप लावतो, काकूंच्या डिलीटला थांबवून ठेवतो, भाच्याचं काम पक्कं झालं की काकूंना सांगतो की आता भेट आहे, काढता येणार नाही. आणि काकू आधी पोचल्या तर भाच्याला एरर. पोस्टग्रेसने २०१३ मधे, ९.३ आवृत्तीत, हे कुलूप आणखी हलकं केलं, म्हणजे भाचा भेट लिहितोय म्हणून ४१३ चा पत्ता बदलणं अडून बसत नाही, फक्त ती ओळ काढणं किंवा तिची की बदलणं अडतं. हे सगळं आपल्या प्रोग्राममधे हाताने लिहिता येतं का? येतं. प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक वेळी, न विसरता लिहिलं जाईल का, हे तुम्हीच तुमच्या टीमकडे बघून ठरवा.

"स्पीड कमी होतो, मोठ्या कंपन्या वापरत नाहीत"

अर्धं खरं आहे. प्रत्येक नवीन भेटीला डेटाबेस दोनदा उमेदवारांत डोकावतो, पण ते डोकावणं प्रायमरी कीच्या इंडेक्समधून (पुस्तकाच्या मागच्या सूचीसारख्या यादीतून) असतं, म्हणजे थेट पान उघडल्यासारखं, त्याचा खर्च नगण्य. खरा खर्च उलट्या बाजूला. उमेदवार काढताना त्याच्या भेटी आहेत का हे शोधावं लागतं, आणि भेटींच्या टेबलवर मुलगी आणि मुलगा ह्या कॉलमांचे इंडेक्स नसतील तर पूर्ण टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं लागतं. मायएसक्यूएलचं इनोडीबी हा इंडेक्स स्वतःच बनवतं. पोस्टग्रेस बनवत नाही, तुम्हाला बनवावा लागतो, आणि तो न बनवल्यामुळे एक ओळ काढायला मिनिट लागतंय म्हणून फॉरेन कीला शिव्या घालणारी मंडळी भरपूर आहेत.

मोठ्या कंपन्यांचं म्हणाल तर त्यांचा डेटा एका मशीनमधे मावत नाही, तो तुकडे करून अनेक मशीनवर ठेवतात, आणि ४१२ एका मशीनवर नि तिची भेट दुसऱ्यावर असेल तर फॉरेन कीची तपासणी अवघड आणि महाग होते. शिवाय चालू टेबलची रचना न थांबता बदलायची त्यांची हत्यारंही वेगळी असतात, गिटहबने बनवलेलं घोस्ट नावाचं एक आहे, त्याला फॉरेन की असलेली टेबलं चालतच नाहीत. ही त्यांची खरी अडचण आहे. ज्याचा सगळा डेटा एका लॅपटॉपवर मावून वर सिनेमा ठेवायला जागा उरते त्याने ही अडचण उसनी आणू नये. आणि ते लोक नियम सोडून देत नाहीत, बेवारस नोंदी शोधून काढायला वेगळे प्रोग्राम चालवत बसतात, त्याचे पगार वेगळे.

"फॉरेन की लावलीय, तरी बेवारस नोंदी सापडल्या"

हे होतं, आणि बहुतेक वेळा कारण असं असतं की ती लागलेलीच नसते. मायएसक्यूएलमधे पूर्वी मायआयसॅम नावाची साठवणुकीची पद्धत मुळात गृहीत असायची, तिच्यात फॉरेन की लिहिली तर एरर येत नाही, काम झाल्यासारखं दाखवतं आणि नियम गुपचूप सोडून देतं. २०१० च्या ५.५ आवृत्तीपासून इनोडीबी गृहीत धरलं जाऊ लागलं, पण तेव्हाची टेबलं आजही कित्येक ऑफिसांत तशीच चालू आहेत. त्याच मायएसक्यूएलमधे कॉलमच्या समोरच "ह्या टेबलला बांध" असं लिहिण्याची छोटी पद्धत आहे, तीसुद्धा ९.० आवृत्ती येईपर्यंत वाचून दुर्लक्षिली जायची, वेगळ्या ओळीत लिहिलेलीच लागू व्हायची.

एसक्यूलाइटमधे, जे तुमच्या फोनमधल्या बहुतेक ॲपच्या पोटात असतं, फॉरेन की २००९ पासून खरोखर पाळता येते पण मुळात बंद असते, प्रत्येक वेळी जोडणी उघडली की ती चालू करायची आज्ञा द्यावी लागते. आणि रेडशिफ्ट, बिगक्वेरी ह्यांसारखी आकडेवारीची मोठी गोदामं फॉरेन की लिहून घेतात पण पाळत नाहीत, क्वेरी लवकर चालवायला इशारा म्हणून वापरतात फक्त.

राहिलं सगळ्यात नेहमीचं कारण. मोठा डेटा आत ओतताना मायएसक्यूएलमधे तपासणी तात्पुरती बंद करतात, काम झालं की परत चालू करतात, आणि समजतात की चालू केल्यावर तो सगळं एकदा तपासून घेईल. नाही घेत. बंद असताना जे आत शिरलं ते शिरलं.

आधी कोण? परिवार की मुखिया?

एक छोटा पेच, पण विचारतात म्हणून सांगतो. समजा काकूंच्या वह्यांऐवजी परिवार आणि सदस्य अशी दोन टेबलं आहेत. परिवाराच्या टेबलमधे मुखियाचा सदस्य नंबर हवा, आणि सदस्यांच्या टेबलमधे परिवाराचा नंबर हवा. मग पहिलं कोण आत जाणार? परिवार टाकायला मुखिया लागतो, मुखिया टाकायला परिवार. पोस्टग्रेस आणि ओरॅकलमधे ह्यावर सोय आहे, तपासणी पुढे ढकलायची, म्हणजे दोन्ही नोंदी आधी टाकून घ्या आणि सगळं काम पक्कं करायच्या क्षणी तपासा. ही सोय मायएसक्यूएलमधे नाही, तिथे मुखियाचा कॉलम आधी रिकामा सोडून नंतर भरतात.

जुन्या घोळलेल्या डेटावर आता फॉरेन की लावायची तर

सरळ लावायला गेलात तर डेटाबेस नाही म्हणणार, कारण आत आधीच बेवारस नोंदी आहेत. म्हणून आधी त्या शोधायच्या. भेटींचं टेबल घ्या, त्याला उमेदवारांचं टेबल लेफ्ट जॉइनने (म्हणजे सगळ्या भेटी ठेवून) जोडा, आणि ज्या भेटींना जोडीदार ओळ मिळाली नाही तेवढ्या दाखवायला सांगा (मुळात रिकाम्या सोडलेल्या जागा त्यातून वगळा). मुलगी कॉलमसाठी एकदा, मुलगा कॉलमसाठी एकदा. "नॉट इन" (अमुक यादीत नसलेले दाखव) वापरून करायचा मोह होतो, पण ज्या यादीत शोधताय तिच्यात एक जरी रिकामी जागा असली तर तो काहीच दाखवत नाही आणि तुम्ही खूश होता की घोळ नाही.

मग सापडलेल्या एकेका नंबराचं बघायचं. काही नंबर नुसते टायपिंगच्या चुका असतात, जवळचा आकडा आणि तारीख बघितली की ओळखू येतं. काही उमेदवार खरंच पूर्वी होते आणि कोणीतरी काढून टाकले, त्यांच्यासाठी जुना बॅकअप किंवा कागदाची वही काढून ओळ परत टाकायची, नाव मिळालं नाही तर नुसता नंबर आणि स्थिती "जुनी नोंद". आणि काही चाचणीसाठी टाकलेला कचरा असतो, तो काढा, पण काढायच्या आधी वेगळ्या टेबलमधे कॉपी करून ठेवा.

डेटा फार असेल आणि काम थांबवणं परवडत नसेल तर पोस्टग्रेसमधे दोन टप्प्यांत करता येतं. आधी नियम "नॉट व्हॅलिड" म्हणून लावायचा, म्हणजे आजपासून येणारी प्रत्येक नोंद तपासली जाईल आणि जुन्याला हात लागणार नाही. नवीन घाण येणं तिथेच बंद. मग सवडीने जुनं साफ करत राहायचं आणि झालं असं वाटलं की "व्हॅलिडेट" चालवायचं. पहिल्या वेळी ते बहुतेक फसतंच, पण फसताना कुठला नंबर सापडला नाही तेवढा एक सांगतं. तो नंबर घ्यायचा, वहीत बघायचं, दुरुस्त करायचं आणि परत चालवायचं.